कन्सोल आपला, चावी कंपनीची

‘जीटीए सिक्स’ या गेमची तारीख आतापर्यंत दोनदा पुढे गेली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा २०२५ साल सांगितले होते. मग २६ मे २०२६ ठरली, आणि हे लिहीत असताना जाहीर असलेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना ही तारीख बोर्डाच्या परीक्षेपेक्षा पक्की पाठ आहे. गेम फक्त प्लेस्टेशन फाइव्ह आणि एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रांवर जाहीर झाला आहे, म्हणून कुणी कन्सोलसाठी पैसे साठवतो आहे, कुणी दुबईच्या चाचाकडून मागवायच्या बेतात आहे. सगळी चर्चा येणाऱ्या गेमची. ज्या यंत्रावर तो चालायचा, ते वॉरंटी संपल्यावर बिघडले तर काय करायचे, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : जी वस्तू आपण पूर्ण पैसे देऊन घेतो, ती दुरुस्त करण्याचा हक्कही आपल्याकडे असला पाहिजे. आणि दुरुस्तीच्या हक्काचा कायदा होईल तेव्हा ‘हे तर पोरांचे खेळणे’ म्हणून कन्सोलला बाहेर ठेवता कामा नये.

खेळणे म्हणावे, तर किंमत बघा. प्लेस्टेशन फाइव्ह भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती ५४,९९० झाली. पूर्वी कन्सोल जुना होत गेला की स्वस्त होत असे. त्यामुळे गरीब घरातला मुलगा दोन-तीन वर्षे थांबून का होईना, तो घेऊ शकत असे. आता उलटी गंगा वाहते आहे. अमेरिकेतही २०२० साली ४९९ डॉलरला निघालेले हेच यंत्र ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ डॉलरवर गेले. रिक्षा चालवणाऱ्या किंवा भिवंडीत लूमवर काम करणाऱ्या बापासाठी ही दोन-तीन महिन्यांची कमाई आहे. तो पोराच्या हट्टापायी किंवा ‘बाहेर भटकण्यापेक्षा घरात तरी राहील’ या हिशेबाने हप्त्यावर यंत्र घेतो. ते बंद पडले की त्याचा हप्ता काही बंद पडत नाही.

यंत्र बिघडते यात नवल नाही. बिघाड झाल्यावर कंपन्या कशा वागतात, हे मात्र पाहण्यासारखे आहे. सर्वात मोठे उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स थ्री-सिक्स्टीचे. नोव्हेंबर २००५ मध्ये तो अमेरिकेत आला. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या की, पॉवर बटणाभोवतीच्या वर्तुळात तीन लाल दिवे लागतात आणि यंत्र कायमचे गप्प होते. लोकांनी या आजाराला ‘रेड रिंग ऑफ डेथ’ असे नाव दिले. कुणीतरी शोध लावला की, यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळून भरपूर तापवले की थोडा वेळ पुन्हा चालते. हा इलाज म्हणजे ताप आलेल्या माणसाला आणखी गोधडी पांघरण्यातला प्रकार. पण वॉरंटी संपलेला माणूस आणखी काय करणार?

कारण पुढे कळले. यंत्र चालू केले की आतले भाग फार तापत, बंद केले की थंड होत. या रोजच्या ताप-थंडीच्या चक्रात आतल्या बारीक जोडण्यांना तडे जात होते. म्हणजे खेळणाऱ्याचा दोष काही नव्हता. तो यंत्र चालू-बंद करत होता, आणि यंत्र त्यासाठीच घेतलेले असते. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. हे पाऊल मोठे होते आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. एक्सबॉक्सचे नाव त्यामुळे वाचले. पण यंत्र बाजारात आल्यापासून या घोषणेपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ गेला. त्या काळात वॉरंटी उलटल्यावर ज्यांचे यंत्र गेले, त्यांच्यापुढे दुरुस्तीचे पैसे भरणे किंवा नवे घेणे एवढेच रस्ते होते. पुढे २०२१ मध्ये कंपनीने आपल्या इतिहासावर माहितीपट काढला, त्यात हा किस्सा सांगितला आणि त्या लाल दिव्यांचे पोस्टरही विकायला ठेवले. कंपनीकडे अब्जभर डॉलर असले की जुन्या संकटाचेही पोस्टर होते. ग्राहकाकडे मात्र एक बंद डबा उरतो.

दुसरे उदाहरण एका अगदी छोट्या भागाचे. निन्टेंडोचा स्विच ३ मार्च २०१७ रोजी आला. त्याच्या जॉय-कॉन नावाच्या कंट्रोलरची स्टिक काही महिन्यांनी आपोआप सरकू लागते, अशा तक्रारी आल्या. बोट लावलेले नसतानाही पडद्यावरचे पात्र एका बाजूला चालत राहते. याला ड्रिफ्ट म्हणतात. अशा स्टिकच्या आत कार्बनच्या पातळ थरावर एक धातूची पट्टी घासत असते, आणि ती कुठे टेकली आहे यावरून बोटाची दिशा ओळखली जाते. घासून घासून थर झिजतो, धूळ शिरते आणि मोजमाप चुकू लागते. जुन्या रेडिओचा आवाजाचा गोल खटका फिरवताना खरखर यायची, तोच हा प्रकार. न घासता चुंबकाच्या मदतीने दिशा ओळखणारी स्टिकही असते. सेगा कंपनीने आपल्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ती १९९८ सालीच वापरली होती. म्हणजे झीज टाळण्याची युक्ती पाव शतकापासून माहीत आहे. तरीही निन्टेंडोच्या जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच टू या नव्या यंत्राच्या कंट्रोलरमध्येही ती चुंबकाची स्टिक नाही.

ड्रिफ्टच्या तक्रारीचे पुढे काय झाले, ते आपल्यासाठी अधिक बोलके आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला. जून २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने सुमारे २५,००० तक्रारी गोळा करून युरोपियन आयोगाकडे धाव घेतली. शेवटी २०२३ मध्ये युरोपात वॉरंटी संपल्यानंतरही हा बिघाड मोफत दुरुस्त करून देण्याचे कंपनीने मान्य केले. तोच कंट्रोलर, तीच स्टिक, तीच झीज. पॅरिसच्या पोराला दुरुस्ती फुकट मिळते. आपल्याकडे तर स्विच कंपनीने अधिकृतपणे विकायलाच आणला नाही, त्यामुळे ग्रँट रोडवरून आयात केलेला स्विच घेणाऱ्याला दाद मागायला दारच नाही. युरोपातल्या ग्राहकाला जे मिळाले ते कंपनीच्या चांगुलपणामुळे मिळाले नाही. तक्रारी एका ठिकाणी गोळा करणारी संघटना होती आणि ऐकणारा आयोग होता, म्हणून मिळाले.

इथे कुणी म्हणेल, कंपनी नाही तर नाही, आपला नाक्यावरचा रिपेअरिंगवाला आहे ना! आहे, आणि अल्लाहच्या कृपेने हुशार आहे. माझ्या भाच्याच्या कंट्रोलरची स्टिक वॉरंटी संपल्यावर सरकू लागली. अधिकृत म्हणवणाऱ्या एका दुकानात उत्तर मिळाले की, दुरुस्ती होत नाही, नवा घ्या. नवा म्हणजे साडेपाच-सहा हजार. भाचा म्हणाला, “मामू, राहू द्या.” मी त्याला आमच्या गल्लीतल्या उस्तादांकडे नेले. मोबाइलच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगाखाली त्यांनी जुनी स्टिक काढली, नवी सोल्डर केली आणि काही शे रुपयांत काम झाले. तो कंट्रोलर आजही चालतो. ‘दुरुस्ती होत नाही’ या वाक्याचा खरा अर्थ ‘आम्हाला करायची नाही’ असा असतो, हे भाच्याला त्या दिवशी समजले.

पण उस्तादांचे हात जिथे थांबतात, तिथूनच खरी अडचण सुरू होते. प्लेस्टेशन फाइव्हचा डिस्क ड्राइव्ह घ्या. तो त्या यंत्राच्या मदरबोर्डशी सॉफ्टवेअरने बांधलेला असतो. ड्राइव्हचे सर्किट जळाले आणि उस्तादांनी दुसऱ्या बंद यंत्रातला अगदी तसाच, चांगला ड्राइव्ह आणून बसवला, तरी यंत्र त्याला ओळखत नाही. २०२३ मध्ये आलेल्या बारीक मॉडेलला सुटा ड्राइव्ह जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते. म्हणजे भाग तुमचा, यंत्र तुमचे, कारागीर तुमचा, आणि ‘चालू हो’ म्हणण्याचा अधिकार मात्र तिसऱ्याच्या हातात. उद्या तो सर्व्हर बंद झाला तर? ही नुसती शंका नाही. निन्टेंडोने थ्री-डीएस आणि वी-यू यांची ऑनलाइन दुकाने मार्च २०२३ मध्ये बंद केली. एक्सबॉक्स थ्री-सिक्स्टीचे दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले.

विकल्यानंतरही हात मागे न घेण्याची ही सवय जुनी आहे. प्लेस्टेशन थ्रीवर लिनक्स चालवता येईल, ही सोय सोनीने स्वतः दिली होती. अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेने अशी १,७६० यंत्रे जोडून महासंगणक उभा केला होता. १ एप्रिल २०१० च्या अपडेटने सोनीने ती सोय काढून घेतली. अपडेट न करावे, तर ऑनलाइन खेळणे बंद. अमेरिकेत त्यावर दावा झाला आणि २०१६ मध्ये तडजोड झाली. प्लेस्टेशन फोरची गोष्ट आणखी गमतीची. त्यात घड्याळासाठी नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली आणि यंत्र सोनीच्या सर्व्हरशी जोडता आले नाही, तर विकत घेतलेले गेमही चालणार नाहीत, हे लोकांच्या लक्षात आले. ओरड झाल्यावर सप्टेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये हा दोष दूर झाला. नाक्यावर सहज मिळणाऱ्या एका बॅटरीवर हजारो रुपयांचे गेम टांगलेले होते, आणि कंपनी ते सोडवू शकत होती. फक्त कुणीतरी ओरडावे लागले.

कंपन्यांच्या बाजूने एक सबळ मुद्दा आहे, तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. ते म्हणतात, कुलपे काढली तर चोरी वाढेल. आपल्याकडे प्लेस्टेशन टूच्या काळात चिप बसवून नकली डिस्क चालवणे सर्रास होते, हे आपण सगळे जाणतो. गेम बनवणाऱ्याची मेहनत फुकट लाटणे हे गैरच आहे, त्याला गरिबीचा बहाणा देऊ नये. पण चोरी रोखायची म्हणून घरमालकालाच घराची चावी न देणे, हा न्याय कुठला? जळका ड्राइव्ह बदलणे आणि नकली डिस्क चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानेही मानला. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याने कन्सोलचे कुलूप उघडण्याची मुभा दिली, पण फक्त डिस्क ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरती. बाकीच्या भागांचे काय? उत्तर नाही. मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२३ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले आणि दोन्ही कायद्यांतून कन्सोल वगळला. फोन दुरुस्त करायचा हक्क आहे, लॅपटॉपचा आहे, पण कन्सोलचा नाही. चोरीची भीती पुढे करून कन्सोल बाजूला काढता येतो, हे कंपन्यांना पक्के कळले आहे.

आपला कायदा या बाबतीत तसा समंजस आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५-ए हे कलम आले. त्यात कुलूप तोडणे हा गुन्हा आहे, पण हक्क डावलण्याच्या हेतूने तोडले तर. म्हणजे हेतू पाहिला जातो. दुरुस्तीसाठी यंत्र उघडणाऱ्याची बाजू मांडायला इथे जागा आहे. पण नुसती जागा असून भागत नाही. कंपनीने भाग विकायला हवेत, नकाशे द्यायला हवेत, नवा भाग यंत्राला ओळखवून देणारे सॉफ्टवेअर कारागिराला मिळायला हवे. त्यासाठी स्पष्ट नियम लागतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केले. समितीने चार क्षेत्रे घेतली : शेतीची अवजारे, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. निवड योग्यच आहे. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आधी, पोराचा कन्सोल नंतर, याबद्दल वाद नाही. पण या यादीत कन्सोलचे वेगळे नाव नाही, आणि अमेरिकेत जे झाले ते पाहता, नाव नसले की पळवाट तयार होते.

हा विषय मी या ठिकाणी का मांडतो आहे, तेही सांगतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने मुस्लिमांमध्ये पगारी नोकरीपेक्षा स्वयंरोजगाराचे प्रमाण मोठे असल्याची नोंद केली होती. त्यासाठी अहवाल उघडायचीही गरज नाही. नागपाड्यापासून मालेगावपर्यंत फिरा. गॅरेज, वेल्डिंग, फ्रिज-एसी, मोबाइल, घड्याळ, शिलाई मशीन. बिघडलेली वस्तू चालू करून देण्यावर कितीतरी घरांची चूल पेटते. यातल्या बहुतेकांकडे प्रमाणपत्र नाही. उस्तादाच्या हाताखाली राहून शिकलेला हुनर हीच त्यांची डिग्री. आता वस्तूचा प्रत्येक भाग कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय चालेनासा झाला, तर हा हुनर एका पिढीत निकामी होईल. कन्सोलमध्ये आज जे कुलूप आहे ते उद्या शिलाई मशीनमध्ये आणि स्कूटरमध्ये येणारच नाही, असे कोण सांगू शकेल? आपण शिष्यवृत्ती आणि आरक्षणावर बोलतो, बोलायलाच हवे. पण ज्या कामावर आपली माणसे आज जगत आहेत, त्या कामाचा हक्क हाही तितकाच आपला प्रश्न आहे. लॅमिंग्टन रोडवर काउंटरमागे बसणाऱ्या गुजराती, मराठी, मारवाडी कारागिरांचाही तो आहे, त्यामुळे ही मागणी एकट्याने करायची गरज नाही.

खरेदी-विक्रीच्या आपल्या जुन्या फिक्हमध्ये एक तत्त्व आहे, खियार-उल-ऐब. मालात लपलेला ऐब निघाला तर सौदा परत फिरवण्याचा हक्क घेणाऱ्याला असतो, आणि ऐब ठाऊक असून झाकणे हे विकणाऱ्यासाठी गुन्ह्यासारखेच आहे. आपले मटण-भाजीचे बाजारही या समजुतीवर चालतात. आजचा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, वेगळ्या शब्दांत तेच सांगतो. मग पन्नास हजारांच्या यंत्राला वेगळा न्याय का?

हक्क मागायचा तर थोडी शिस्त आपल्यालाही लागेल. पक्के बिल घ्या. दोन हजार वाचवण्यासाठी बिनाबिलाचे यंत्र घेतले की पुढची सगळी दारे आपणच बंद करतो. बिघाड झाला तर तोंडी भांडण्यापेक्षा लेखी तक्रार करा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला शुल्कही नाही. ‘स्टिकर फाटला, वॉरंटी गेली’ हे वाक्य ऐकून गप्प बसू नका. असल्याच अटींबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तिन्ही कंपन्यांना ताकीद दिली होती.

आणि येणाऱ्या गेमसाठी आगाऊ पैसे भरायची घाई करू नका. ‘सायबरपंक २०७७’ ची आठवण असू द्या. २०१२ मध्ये जाहीर झालेला तो गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्याआधीच ८० लाख लोकांनी तो नोंदवून ठेवला होता. प्लेस्टेशन फोरवर तो इतका कोलमडत होता की, आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून उतरवला आणि पैसे परत देऊ केले. तो परत आला जून २०२१ मध्ये. जे थांबले, त्यांना तोच गेम दुरुस्त झालेला मिळाला, आणि स्वस्तही.

म्हणून ‘जीटीए सिक्स’ची वाट जरूर पाहा. पण कन्सोल घ्यायला दुकानात जाल तेव्हा गेमच्या तारखेसोबत आणखी दोन प्रश्न विचारा. वॉरंटी संपल्यावर याचे भाग कुठे मिळतील? आणि माझ्या गल्लीतला कारागीर ते बसवू शकेल का? दुकानदाराकडे आज उत्तर नसेल. शंभर गिऱ्हाइकांनी विचारले तर तो कंपनीला विचारील, आणि कंपन्यांना ग्राहकाचा प्रश्न ऐकू येतो तो असाच, विक्रीच्या वाटेने. उरलेले काम सरकारचे. चार क्षेत्रांच्या त्या यादीत कन्सोलचे नाव लिहायला एक ओळ पुरेल.